अच्छोदाच्या तीरावरून

इंग्रजी अमदानीत पाश्चात्य धर्तीची दीर्घ गद्यकथा आपल्याकडे आली, तेव्हा तिला नाव देताना मराठीने सातव्या शतकातील बाणभट्टाची एक नायिकाच जवळ केली. आणि आज प्रेमाची एखादी हळवी गोष्ट हवी असलेला वाचक ग्रंथालयाच्या खिडकीशी उभा राहून ‘नवी कादंबरी आली का’ असे विचारतो, तेव्हा एका शोकमग्न गंधर्वकन्येचे नाव आपल्या तोंडून निघाले, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते.

हे नामकरण मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण बाणाची ती कथा जितकी अनुरागाची तितकीच दुःखातून सावरण्याची आहे. प्रियकर पुंडरीक विरहतापाने गेला म्हणून कादंबरीची सखी महाश्वेता अच्छोद सरोवराच्या तीरावर वीणा घेऊन तपस्विनीचे जिणे जगते. पुढे मित्राच्या निधनाची वार्ता ऐकून कादंबरीचा प्रियकर चंद्रापीड याचे हृदय फुटते, तेव्हा कादंबरी त्याचा देह अग्नीच्या स्वाधीन करीत नाही, तर शिळेवर निजवून त्याची पूजा बांधते, आणि दुसऱ्या दिवशी त्या मुखाकडे निरखून पाहते, की कांती कोठे उतरली तर नाही ना. तिच्या एका आलिंगनाने तो अखेर जागा होतो. बाण ही कथा अपुरी टाकूनच गेला आणि पुत्र भूषणभट्टाने ती सिद्धीस नेली.

पण त्या दोघींच्या प्रतीक्षेला पुनर्मीलनाच्या दिव्य आश्वासनाचा आधार होता. एकोणिसाव्या शतकातील आमच्या विधवेला तसा कोणताच दिलासा नव्हता. तिच्या वाट्याला आलेली प्रतीक्षा ही तहहयात सजा होती. १८५६ साली सरकारने पुनर्विवाहाची मुभा दिली खरी, परंतु त्याच कायद्यातील एका कलमाने पुन्हा लग्न करणाऱ्या स्त्रीचा पूर्वपतीच्या मिळकतीवरील हक्क, जणू ती त्या क्षणी मृत झाली असे समजून, संपुष्टात आणला. जगू पाहणाऱ्या बाईला आधी कागदोपत्री मरावे लागावे, याहून क्रूर अट मला सुचत नाही.

लगोलग, १८५७ साली, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ निघाले, आणि मराठी कादंबरीचा आरंभच मुळी विधवांच्या आसवांनी झाला. त्यातील यमुनेला वैधव्यानंतर दुसरा संसार लाभतो, पण तो धर्मांतराच्या वाटेने. मधल्या काळातील हळब्यांची ‘मुक्तामाला’ आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ या अद्भुतरम्य कथांत अश्रू पुष्कळ असले, तरी जखम कोणाचीच खरी नाही. ती खरी झाली हरिभाऊ आपट्यांच्या हाती. १८९०पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः आलेल्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ या कादंबरीतही यमुनाच आहे, आणि स्वतःची कैफियत ती स्वतःच मांडते. नवऱ्याने बायकोला वाचायला शिकवावे, तिने अडखळत अक्षरे लावावीत, आणि त्या अडखळण्यातून दोघांची मने जुळावीत, अशी प्रीती मराठी वाचकाने छापील पानावर तोवर क्वचितच पाहिली असेल. तो नवरा जातो, तिचे केशवपन बळजोरीने केले जाते, आणि सावरायला अवकाश मिळण्यापूर्वीच ती संपते.

पुस्तकात जे घडू शकले नाही ते १८९३ साली पुण्यात घडले: धोंडो केशव कर्वे यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्यांच्या मुरुड गावच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. तरी पुढे हिंगण्याच्या माळावर त्यांचा आश्रम उभा राहिला, आणि त्याच हिंगण्यात शिकलेल्या एका मुलीने १९३४ साली ‘हिंदोळ्यावर’ लिहिली. या कादंबरीतील अचला नवऱ्याने टाकलेली आहे, पण ती कोणत्याही आकाशवाणीकडे कान लावून बसत नाही. ती दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते, आणि आपल्याला मूल हवे आहे हे दडवीत नाही. ग्रंथावर नाव होते विभावरी शिरूरकर. बाळूताई खरे हे आपले खरे नाव लेखिकेला त्यावर घालता आले नव्हते.