जागा निवडा

दोन वर्षांपूर्वी खेड्यातल्या मुलांना हातकाम शिकवणाऱ्या एका संस्थेने मला चाळीस पानांची इंग्रजी पुस्तिका भाषांतराला दिली. विषय होता, हाताशी थोडेच पैसे असताना लोहारकामाला सुरुवात कशी करावी. मी एरवी कवितांची आणि कधीमधी एखाद्या कादंबरीची भाषांतरं करते. पण दिल्लीत घरभाडं कवितेतून निघत नाही. शिवाय आजोळची शेती बार्शीकडे असल्याने कुदळ-पहारीशी तोंडओळख होती. हो म्हटलं.

भीती होती ती शब्दांची, आणि ती पहिल्याच आठवड्यात गेली. ऐरण, घण, सांडस, भाता, छिन्नी, कानस, सगळी हत्यारं आपल्या कोशांत जागच्या जागी ठेवलेली आहेत. उलट जिथे इंग्रजीत एकच क्रियापद होतं तिथे मला निवड करावी लागत होती. विळा पाजवतात, पण कुदळ शेवटतात. पाजवणं म्हणजे धार काढणं. शेवटणं म्हणजे झिजून बोथट झालेलं टोक तापवून, ठोकून पुन्हा लांबवणं. आजोबा पावसाळ्याच्या तोंडावर पहार शेवटून आणायला सांगायचे, तेव्हा पहारीचा शेवट करून आणायचाय असं मला वाटायचं. तसंच पाणी. तापलेलं पोलाद बुडवून कडक करणं म्हणजे त्याला पाणी देणं. माणसाचं पाणी जोखतात तेही हेच पाणी असावं, असा माझा आपला समज आहे.

वर्तमानपत्रांत रोज कुठला ना कुठला प्रश्न ऐरणीवर येतो. खुद्द ऐरण मात्र शहरी मराठी माणसाने पाहिली असेल तर ती बहुधा १९६५ च्या ‘साधी माणसं’ चित्रपटात.

पुस्तिकेचं म्हणणं थोडक्यात असं होतं: शक्यतो विकत काही घेऊ नका. भट्टीसाठी ट्रकचं निकामी ब्रेकड्रम चालेल, तेही नसेल तर जमिनीत खड्डा करून चिकणमातीने लिंपा. खालून वारा आणायला लोखंडी नळी हवी, पण जस्ताचा मुलामा असलेला पाईप भट्टीत घालू नका, त्या पांढऱ्या धुराने ताप भरतो. ऐरणीच्या जागी रुळाचा तुकडा घ्या, आणि तो आडवा न ठेवता उभा रोवा, म्हणजे घावाखाली सगळं वजन येईल. हातोडा किलोभराचा. सुरुवातीला लांब सळई हातानेच धरा आणि पहिली वस्तू म्हणून सांडस स्वतः घडवा. बांधकामाच्या सळईचं लोखंड मऊ, त्यावर हात बसवा, पण त्याला पाणी देत बसू नका. त्यात कार्बन कमी असल्याने ते कडक होत नाही. हत्यार करायचं तर गाडीच्या कमानीचा पाटा आणा. आणि भट्टी उन्हात मांडू नका. भर उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग दिसत नाही, आणि लाल, नारिंगी की पिवळं हे कळल्याशिवाय केव्हा ठोकायचं हेही कळत नाही.

सगळं खरं, आणि कामाचंही. पण सूर असा होता, की काटकसरीने लोहारकी मांडणं ही अलीकडची युक्ती आहे. पूर्वीच्या लोहाराकडे म्हणजे सगळा सरंजाम असायचाच. इतिहास जरा चाळला तर उलटंच दिसतं.

स्वीडनमधल्या गॉटलंड बेटावर मॅस्टरमिर नावाची जागा आहे. तिथे १९३६ साली शेत नांगरताना नांगराला ओकची एक जुनी पेटी अडकली. जेमतेम तीन फूट लांब, सुमारे हजार वर्षांपूर्वीची. पेटीत आणि आसपास दोनशेहून जास्त वस्तू निघाल्या: हातोडे, सांडशी, कानशी, लहान ऐरणी, सुतारकामाची हत्यारंही. एका कारागिराचं अख्खं दुकान दोन माणसांनी उचलून न्यावं एवढं.  ऐरण म्हटल्यावर चित्रांत जी एका बाजूला निमुळती, शिंगवाली ऐरण दिसते ती त्या घडणीत सर्रास झाली फार उशिरा, गेल्या दोन-तीनशे वर्षांत. त्याआधी बहुतेक जगाचं काम लोखंडाच्या चौकोनी ठोकळ्यावर चाललं.

लंडनचा जोसेफ मॉक्सन हा नकाशे, पृथ्वीगोल आणि छपाईच्या धंद्यातला माणूस. १६७८ च्या सुरुवातीपासून त्याने हस्तोद्योगांवर दरमहा एक पुस्तिका काढायला घेतली आणि पहिला मान लोहारकामाला दिला. हे काम आलं की इतर कामांची वाट सोपी होते, असं त्याचं म्हणणं. कसबी माणसं जे तोंडी आणि घरात शिकत होती ते त्याने कागदावर, अनोळखी माणसासाठी मांडलं. माझ्या टेबलावरची पुस्तिका त्याचीच दूरची नात म्हणायची. अशा पुस्तकाला जो वाचक लागतो त्याचा बाप लोहार नसतो. बाप लोहार असलेल्याला पुस्तक कशाला लागेल?

तिसऱ्या प्रकरणात भट्टीची आकृती होती: खड्डा, मातीचा कठडा, नळी, टोकाला हाताने फिरवायचा पंखा. ती पाहिली आणि माझ्या लक्षात आलं, की हे मी लहानपणी पाहिलंय.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी गावाबाहेर घिसाड्यांची पालं पडायची. गावात बलुतेदार लोहार होताच, पण खरिपाच्या आधी काम एकदम यायचं, ते त्याच्या एकट्याच्या आवाक्यातलं नसायचं. घिसाड्यांचं दुकान मांडून व्हायला आमचा चहा व्हायला लागे तेवढाच वेळ लागायचा. पुरुष वीतभर खड्डा उकरायचा, मातीने कडा बांधायचा, नळी पुरायचा. नळीच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी डब्यातला पंखा, त्याला पट्ट्याने जोडलेलं सायकलचं चाक. चाक फिरवायला आठ-नऊ वर्षांची मुलगी. ऐरण म्हणजे खाली अणकुचीदार असलेला ठोकळा. तो लाकडाच्या ओंडक्यात ठोकून ओंडका जमिनीत गाडला की झालं. मग पुरुष बसून डाव्या हाताने सांडशीत फाळ धरायचा, उजव्या हातातल्या लहान हातोड्याने कुठे मारायचं ते टिचकीसारखं दाखवायचा, आणि समोर उभी असलेली बाई दोन्ही हातांनी घण उचलून नेमका तिथे घालायची. ऐरणीवरचा ताल त्या दोघांमधला होता. आम्ही पोरं तो ऐकायलाच जायचो. आजी मात्र तिकडे फिरकू द्यायला नाखूश असायची. पालातले लोक कोण, कुठले. नांगराचा फाळ मात्र त्यांच्याकडचाच चालायचा.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त बलुतेदार येतात तसे फिरस्तेही येतात. फिरस्त्यांकडे पाहणारी त्या पुस्तकाची नजर आजीपेक्षा फार वेगळी नाही. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात घिसाडी बोली गुजरातीखाली नोंदलेली आहे. म्हणजे सोलापूरच्या रानात फाळाचा सौदा मराठीत व्हायचा, आणि घण कुठे पडायला हवा हे दुसऱ्याच भाषेत सांगितलं जायचं. तौलनिक साहित्याच्या वर्गात दोन वर्षं घालवूनही हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

भट्टीचं गणित तसं साधं आहे: जळण आणि वारा. वाऱ्याच्या बाबतीत गरिबाने फार कल्पकता दाखवली आहे. सायकलचं चाक येण्याआधी बोकडाच्या कातड्याचे भाते होते. मध्य भारतातले अगरिया लोक, ज्यांच्यावर व्हेरियर एल्विनने १९४२ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिलं, पायाने दाबायचे भाते वापरत. त्यावर उभं राहून आळीपाळीने पाय दाबायचा, आणि वाकवलेला बांबू दाबलेलं कातडं पुन्हा वर खेचायचा. ते तर खनिजापासून लोखंड गाळणारे. पण जळणाच्या बाबतीत कल्पकता कामी येत नाही. कोळशाला लाकूड लागतं आणि लाकडाला जंगल. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव रानात कोळसा पाडणं सरकारच्या मर्जीवर गेलं. स्वस्त आयात लोखंड तोवर बाजारात होतंच. मातीच्या भट्ट्या एकेक करून विझल्या त्यामागे ही दोन्ही कारणं आहेत. पुढच्या फिरत्या लोहाराने खनिजाचा नादच सोडला. मोडीत निघालेली कमान, तुटलेला रूळ, जुनी कानस हीच त्याची खाण झाली. पुस्तिकेत भंगाराच्या दुकानात जा असं लिहिलं होतं, ते आमच्याकडे शंभरएक वर्षं चालू आहे.

अमेरिकेत हीच गोष्ट वेगळ्या दिशेने गेली. गावोगावचे लोहार मोटारींच्या जमान्यात संपत आले आणि मग १९७० च्या दशकात हौसेने परत आले. १९७३ साली तिथल्या कलावंत-लोहारांची संघटना स्थापन झाली, पुढच्या वर्षी अलेक्झांडर वेयगर्सचं ‘द मॉडर्न ब्लॅकस्मिथ’ आलं. वेयगर्स शिल्पकार. भंगारातून हत्यारं आणि हत्यारांतून पुढची हत्यारं, हे त्याचं सूत्र. माझ्या पुस्तिकेचं मूळ याच घराण्यातलं. मला त्या लोकांबद्दल आदर आहे. एक कसब त्यांनी मरू दिलं नाही. फक्त तोच मातीचा खड्डा तिथे छंद ठरतो आणि आमच्याकडे, आजीच्या भाषेत, पालातला धंदा.

भाषांतरात अडले ती दोनच ठिकाणी. पहिलं, घण मारणारा जोडीदार. पुस्तिकेत त्याच्यावर एकच परिच्छेद होता: सोबत कुणी मिळालं तर उत्तम, नाहीतर यांत्रिक हातोड्यासाठी पैसे साठवा. इंग्रजीत या जोडीदाराला सुटसुटीत शब्द आहे आणि वाचताना डोळ्यापुढे पुरुष उभा राहतो. मी ‘घणकरी’ लिहिलं, खोडलं. ‘घण घालणारा’ लिहिलं, तेही खोडलं, कारण मी पाहिलेल्यांत एकही ‘घालणारा’ नव्हता. शेवटी ‘घण घालणारी किंवा घालणारा’ असं ठेवलं. संस्थेच्या संपादकांना ते अवजड वाटलं. घणही अवजडच असतो, असं उत्तर मी लिहिलं आणि पाठवलं नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे पहिलंच प्रकरण, ‘जागा निवडा’. मागच्या अंगणाचा कोपरा, वर छप्पर, जमीन मातीची, शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होणार नाही एवढं अंतर. वाक्यं शाळेतल्या मुलाला करता येतील अशी. मी मात्र त्यावर आठवडाभर बसून होते, कारण मी जिथे राहते तिथून दूध आणायला जाताना एका रस्त्याच्या कडेला गाडिया लोहारांची वस्ती लागते. नक्षीदार पितळी पत्रे ठोकलेल्या जुन्या बैलगाड्या, बैल नाहीत. पुढे मांडलेले तवे, चिमटे, छिन्न्या, गवंड्यांसाठी हातोडे.

यांची कथा उत्तरेत सगळ्यांना ठाऊक आहे, मराठी वाचकाला कदाचित नसेल. ते स्वतःला चित्तोडच्या राण्यांचे शस्त्रकार मानतात. १५६८ मध्ये अकबराने चित्तोड घेतलं तेव्हा पूर्वजांनी शपथ घेतली, असं ते सांगतात: गड परत मिळेपर्यंत छपराखाली राहायचं नाही, रात्री दिवा लावायचा नाही, खाटेवर झोपायचं नाही. कथा किती जुनी आणि शपथ किती खरी, याबद्दल अभ्यासक साशंक आहेत. काम मिळेल तिकडे जाणं भाग असलेल्या कारागिराने आपल्या वणवणीला दिलेलं ते मानाचं रूपही असेल. पण ६ एप्रिल १९५५ ला जवाहरलाल नेहरू हजारो गाडिया लोहारांना घेऊन चित्तोडगडात गेले, शपथ फिटली असं जाहीर झालं, आणि स्वतंत्र देशाने त्यांना बसायचं आमंत्रण दिलं. वसाहती आखल्या गेल्या. घर मिळालं तिथे गिऱ्हाईक नव्हतं. गिऱ्हाईक होतं तिथे घर नव्हतं. बरेच जण पुन्हा गाड्यांवर आले, आणि पुढे शेतकऱ्यांकडे लोखंडी नांगर आणि ट्रॅक्टर आल्यावर शहरांच्या कडेला थांबले. भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष बाळकृष्ण रेणके हे आमच्या सोलापूरकडचे. आयोगाच्या २००८ च्या अहवालात घर आणि घराखालची जमीन हा विषय पुन्हा पुन्हा येतो.

त्या वस्तीतल्या एका बाईंकडून मी सांडस विकत घेतली, कवितांच्या पुस्तकांशेजारी ती आता निरुपयोगी पडून आहे. त्यांना मी पुस्तिकेबद्दल सांगितलं. नवशिक्याला काय काय लागतं याची यादी वाचून दाखवली. भट्टी, नळी, रूळ यावर त्या मान डोलवत होत्या. वाऱ्यासाठी केस वाळवायचं यंत्रही चालतं म्हटल्यावर खूप हसल्या. जागेची सूचना आली तेव्हा त्यांनी विचारलं, की किती वेळासाठी. मला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी ओंडक्यातली ऐरण हाताने हलवून दाखवली. महापालिकेची गाडी आली की आधी ही उपटायची, मग भांडी, असा त्यांचा क्रम होता. ऐरण एकदा गाडीत गेली की सोडवून आणायला नव्या ऐरणीएवढा खर्च.

मी भाषांतर पूर्ण केलं. ‘जागा निवडा’ या प्रकरणाच्या शेवटी पाच ओळींची टीप घातली: या देशात हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोण करत आलं, त्यांना काय म्हणतात, त्यांच्याकडे जाऊन दोन दिवस भाता हलवला तर पुस्तिकेपेक्षा जास्त कळेल, आणि शिकवल्याचे पैसे त्यांना द्यावेत. छापील प्रत सहा महिन्यांनी आली. कागद चांगला आहे, आकृत्या स्पष्ट आहेत, ‘शेवटणे’ हा शब्दही जसाच्या तसा राहिलाय. टीप पानाच्या मापात बसली नसावी. पहिल्या प्रकरणात मागच्या अंगणाचा कोपरा आहे, वर छप्पर आहे, जमीन मातीची आहे.