ट्रॅक्टरची हायड्रॉलिक गाळणी

ट्रॅक्टरची हायड्रॉलिक गाळणी किंवा हायड्रॉलिक फिल्टर हा हायड्रॉलिक प्रणालीच्या तेलातील धातूचे कण, धूळ व इतर घन अशुद्धी अडवणारा भाग आहे. अवजारे उचलणारी लिफ्ट, पुढील लोडर आणि अनेक ट्रॅक्टरांतील पॉवर स्टिअरिंग या यंत्रणा दाबाखालील तेलावर चालतात. लहान ट्रॅक्टरवर ही गाळणी बदलण्याचे काम मोजक्या हत्यारांनी घरीही करता येते. त्यात बळापेक्षा स्वच्छतेला अधिक महत्त्व असते.

पार्श्वभूमी

हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केलेली तीन-बिंदू जोडणी व हायड्रॉलिक लिफ्ट १९३९ साली अमेरिकेतील फोर्ड ९एन या ट्रॅक्टरमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरात आली. त्यानंतर ही रचना जगभर रूढ झाली. बहुतेक लहान ट्रॅक्टरांत गिअरपेटी, डिफरन्शियल, तेलातील ब्रेक आणि लिफ्ट यांसाठी एकच सामायिक तेल असते. त्यामुळे गिअरच्या झिजेतून सुटलेले कण त्याच तेलाबरोबर पंपाकडे जातात. त्यांना वाटेत अडवणे हे गाळणीचे मुख्य कार्य होय.

प्रकार

गाळणीची क्षमता मायक्रॉनमध्ये सांगितली जाते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पंप व झडपांच्या भागांमधील फटी काही मायक्रॉन इतक्याच असतात, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारे कणही त्यांची झीज घडवतात.

* चूषण जाळी (स्ट्रेनर) : पंपाच्या आधी बसवलेली तारेची जाळी. तिची छिद्रे साधारणतः ७५ ते १५० मायक्रॉनची असतात. ती बहुधा धुऊन पुन्हा वापरता येते.
* फिरवून बसवायची गाळणी : पत्र्याच्या डब्यात घडीचा कागद किंवा काचतंतूंचे माध्यम असलेली गाळणी. ती धुता येत नाही, बदलावीच लागते.
* हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनची गाळणी : काही लहान ट्रॅक्टरांत अशी दुसरी स्वतंत्र गाळणी असते.

चोंदलेल्या गाळणीचे परिणाम

पंपाच्या आधीची गाळणी चोंदल्यास पंपाला पुरेसे तेल मिळत नाही. चूषणमार्गातील दाब घटून तेलात बुडबुडे तयार होतात व पंपाच्या उच्च दाबाच्या बाजूला ते फुटतात. या क्रियेला पोकळीभवन म्हणतात. तिच्यामुळे पंपातून घरघर ऐकू येते आणि धातूच्या पृष्ठभागावर खड्डे पडतात. लिफ्ट संथ होणे, ती झटके देत उचलणे, स्टिअरिंग जड होणे ही इतर लक्षणे आहेत. मात्र तेल कमी असल्यासही तीच दिसतात.

अनेक गाळण्यांत बगल-झडप असते. गाळणी चोंदल्यावर ती उघडते आणि तेल न गाळता पुढे जाते. अशा वेळी ट्रॅक्टर नेहमीसारखा चालत राहतो, परंतु झीज सुरूच असते. म्हणून लक्षणांची वाट न पाहता कामाच्या तासांनुसार गाळणी बदलली जाते. नव्या यंत्राचे भाग सुरुवातीला अधिक कण सोडतात. त्यामुळे अनेक उत्पादक पहिला बदल ५० तासांनंतर व पुढील बदल अधिक अंतराने सुचवतात. नेमके तास यंत्राच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असतात.

बदलण्याची पद्धत

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून अवजार व लोडर जमिनीवर टेकवले जातात. इंजिन बंद करून किल्ली काढावी, हातब्रेक लावावा व चाकांना ओट लावावी. तेल कोमट असताना चांगले निथळते; मात्र ते भाजण्याइतके गरम नसावे. गाळणीभोवतीची माती आधीच पुसून घ्यावी, कारण काढताना आत पडलेली धूळ थेट तेलात मिसळते. गाळणी तेलाच्या पातळीखाली असल्यास ड्रेन प्लग उघडून तेल स्वच्छ भांड्यात काढावे लागते.

जुनी गाळणी पट्टा-पान्याने सैल केली जाते. तिचे रबरी कडे बैठकीला चिकटून राहिले नाही, याची खात्री करावी. एकावर दुसरे कडे बसल्यास तेलगळती होते. नव्या कड्याला स्वच्छ तेल लावून गाळणी हाताने बसवावी. कडे टेकल्यानंतर किती फिरवावे हे उत्पादकाने दिलेले असते. अति आवळल्यास कडे खराब होऊ शकते. तेल उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचेच भरावे, कारण तेलातील ब्रेकना विशिष्ट घर्षणगुणांचे तेल लागते. इंजिन मंद गतीवर चालवून लिफ्ट काही वेळा वर-खाली करावी, गळती पाहावी व इंजिन बंद करून पातळी पुन्हा तपासावी.

जुन्या गाळणीची तपासणी

काढलेली गाळणी व ड्रेन प्लगवरील चुंबक यंत्राच्या अंतर्गत स्थितीची कल्पना देतात. चुंबकावरील बारीक राखाडी लेप ही नेहमीची झीज होय. चकाकणारे तुकडे गिअर किंवा बेअरिंगच्या बिघाडाकडे निर्देश करतात. दुधाळ तेल पाणी शिरल्याचे लक्षण आहे. भातखाचरांत चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरांत झिजलेल्या सीलमधून पाणी शिरण्याचा धोका असतो. अशा वेळी केवळ गाळणी बदलून भागत नाही. तेल बदलून सील दुरुस्त करावे लागते.

सुरक्षितता व विल्हेवाट

उचललेल्या अवजाराखाली केवळ लिफ्टच्या भरवशावर काम करणे जीवघेणे ठरू शकते. दाबाखालील तेलाची सूक्ष्म धार त्वचेतून आत घुसते. जखम लहान दिसली तरी ती वैद्यकीय आणीबाणी असते. म्हणून गळती हाताने न शोधता पुठ्ठा धरून शोधावी.

भारतात वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचराविषयक नियमांच्या कक्षेत येते. ते जमिनीत, विहिरीजवळ किंवा नाल्यात न ओतता बंद डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी दिले पाहिजे. जुनी गाळणीही पूर्ण निथळवूनच टाकावी.

हे सुद्धा पहा

* ट्रॅक्टर
* तीन-बिंदू जोडणी
* वंगण