मुदत आणि मुदतवाढ: पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील निवडलेला आणि नेमलेला कारभार

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात निवडून आलेल्या कारभाराची जागा नेमलेल्या कारभाराने घेतली, आणि पुन्हा उलटे झाले, असे गेल्या पन्नास वर्षांत अनेकदा घडले. १९७५ ते १९७७ या काळात ते साऱ्या देशाबरोबर घडले. नंतर ते स्थानिक पातळीवर घडत राहिले आणि त्याचा फारसा गवगवा झाला नाही. लष्करी उठाव किंवा राजवाड्यातील कट इथे कधीच नव्हते. सभागृहाची मुदत संपली, निवडणूक पुढे गेली आणि मुदतवाढीचा आदेश निघाला, एवढ्यानेच सत्ता मतदाराच्या हातून निसटली.

हा प्रश्न या भागाला कारखान्यांच्याही आधीपासून ठाऊक आहे. १८९७ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश सरकारने साथरोग कायदा केला आणि पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी जवळजवळ अमर्याद अधिकार अधिकाऱ्यांच्या हाती दिले. सोल्जर घरात शिरत, माणसे उचलून नेत, सामान बाहेर काढत, आणि या कारभारावर लोकांनी निवडलेल्या कोणाचाही अंकुश नव्हता. त्या कारभाराचा प्रमुख रँड याच्यावर २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत गोळी झाडणारे चापेकर बंधू मूळचे चिंचवडचे. मोरया गोसावींच्या देवस्थानामुळे प्रसिद्ध असलेले हे गाव त्या रात्रीनंतर राजकीय इतिहासातही आले.

स्वातंत्र्यानंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावे पुणे-मुंबई आणि पुणे-नाशिक रस्त्यांच्या आसपासची शेतीची गावे होती. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याखाली त्यांचा कारभार सरपंच आणि पंचांकडे होता. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. १ ऑगस्ट १९६२ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि याच दशकात बजाज ऑटो, टेल्को यांच्यासारखे मोठे कारखाने आले. महामंडळ जमीन संपादन करी, भूखंड पाडी, पाणी आणि रस्ते देई. त्याचे संचालक मंडळ सरकार नेमते. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण आले, तेही नेमलेलेच. निगडीच्या आसपासचे लोक आजही आपण ‘प्राधिकरणात’ राहतो असे सांगतात. गावाने निवडलेली संस्था आणि मुंबईहून नेमलेली संस्था या दोन्ही एकाच जमिनीवर काम करू लागल्या, आणि या पट्ट्याचा पुढचा सारा राजकीय इतिहास त्या दोघींच्या ओढाताणीचा आहे.

त्याआधीच, ४ मार्च १९७० ला, या चार गावांच्या ग्रामपंचायती एकत्र करून पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली. तिच्या उभारणीशी अण्णासाहेब मगर यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. पालिकेचे मुख्य उत्पन्न जकात होते. कारखान्यांत येणाऱ्या कच्च्या मालावर नाक्यानाक्यावर जकात गोळा होई, म्हणून ही नगरपालिका थोड्याच वर्षांत श्रीमंत म्हणून ओळखली जाऊ लागली. एवढ्या पैशाचा हिशेब कोण विचारणार, हा प्रश्न त्यामुळेच इथे इतर गावांपेक्षा लवकर आणि जास्त तीव्रतेने उभा राहिला.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. त्याच वर्षी जगात उलटी हवा वाहत होती. पोर्तुगालमध्ये अर्धशतकाच्या हुकूमशाहीनंतर २५ एप्रिल १९७५ ला पहिली मुक्त निवडणूक झाली होती, ग्रीसमधील लष्करी राजवट आदल्या वर्षीच कोसळली होती आणि नोव्हेंबरात फ्रँको वारल्यावर स्पेनचीही वाट मोकळी व्हायची होती. या देशांत लोकशाही उगवत असताना भारतात ती राज्यघटनेतल्याच कलमांच्या आधारे थांबवली गेली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर आला. मिसा कायद्याखाली विरोधी पक्षांचे आणि संघटनांचे कार्यकर्ते चौकशीविना तुरुंगात गेले. पट्ट्यापासून काही मैलांवरच्या येरवडा कारागृहात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक बाळासाहेब देवरस होते. वर्षाच्या सुरुवातीला केंद्रीय मंत्रिपदावरून दूर झालेले पुण्याचे खासदार मोहन धारियाही स्थानबद्ध झाले.

कारखान्यांच्या पट्ट्यात आणीबाणी पोहोचली ती आधी पगाराच्या पाकिटातून. वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीने ठेवीत जमा करण्याचा कायदा १९७४ मध्येच आला होता. सप्टेंबर १९७५ मध्ये वटहुकूम काढून किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे बरोबर एक महिन्याचा पगार. महिना ३०० रुपये मिळवणाऱ्या कामगाराचा किमान बोनस या हिशेबाने ३०० रुपयांवरून १४४ रुपयांवर आला. दिवाळी तोंडावर असताना हे घडले. एरवी असा निर्णय झाला असता तर गेटसमोर सभा झाली असती, संपाची नोटीस गेली असती. आता संपाची भाषा करणाऱ्यालाच अटकेचे भय होते. हक्क गेल्याचे कामगाराला राज्यघटनेच्या पुस्तकातून कळले नाही, पगाराच्या चिठ्ठीतून कळले. आणीबाणीत गाड्या वेळेवर धावत होत्या आणि कारखान्यांत शिस्त आली होती, असे सांगणारे आजही भेटतात. त्या शिस्तीची किंमत कोणी मोजली, हे बोनसच्या या आकड्यांत स्पष्ट दिसते.

महाराष्ट्रात तेव्हा शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते. १९७६ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कुटुंबाच्या आकारावर मर्यादा घालणारे आणि नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले. असे पाऊल उचलणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. निवडून आलेले सभागृह शाबूत असले तरी विरोधक तुरुंगात आणि वृत्तपत्रे गप्प असतील तर ते सभागृह कुठवर जाऊ शकते, याचा हा दाखला आहे.

मुदतवाढीचे हत्यारही याच काळात पहिल्यांदा स्पष्ट दिसले. पाचव्या लोकसभेची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. ती एकदा एक वर्षाने आणि नंतर आणखी एक वर्षाने वाढवली गेली. ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांची मुदतच पाचाऐवजी सहा वर्षे केली. मतदाराचा हक्क काढून घेतला, असे कुठेही लिहिलेले नव्हते. तो फक्त पुढच्या वर्षावर टाकला जात होता.

१८ जानेवारी १९७७ ला इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली. मार्चमध्ये मतदान झाले आणि २१ मार्चला आणीबाणी उठली. महाराष्ट्राने उत्तर भारतासारखा सरसकट कौल दिला नाही. काँग्रेसला ४८ पैकी २० जागा मिळाल्या. पुण्यात तुरुंगातून सुटलेले मोहन धारिया निवडून आले, बारामतीत जनता पक्षाचे संभाजीराव काकडे. चाकण ज्या तालुक्यात आहे त्या खेडच्या नावाच्या मतदारसंघात मात्र काँग्रेसचे अण्णासाहेब मगरच जिंकले. एकाच जिल्ह्यातील हे निकाल पाहिले की या पट्ट्यात आणीबाणीवरचा राग आणि आपल्या भागाचे काम केलेल्या माणसावरची निष्ठा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मतपेटीत पडल्या, हे मान्य करावे लागते.

नव्या सरकारने किमान बोनस पुन्हा ८.३३ टक्के केला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेची मुदत पाच वर्षांवर आणली. अंतर्गत अशांततेच्या नावाखाली आणीबाणी लावण्याची वाट तिने बंद केली आणि जगण्याचा हक्क कोणत्याही आणीबाणीत स्थगित होणार नाही, असे ठरवून टाकले. पण हे सारे कुंपण दिल्ली आणि मुंबईच्या सभागृहांभोवती पडले. नगरपालिका आणि महापालिका त्याच्या बाहेरच राहिल्या.

त्याचा अनुभव लवकरच आला. ११ ऑक्टोबर १९८२ ला नगरपालिकेचे रूपांतर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत झाले. दर्जा वाढला, पण नगरसेवक नव्हते. पहिली निवडणूक १९८६ मध्ये झाली आणि ज्ञानेश्वर लांडगे पहिले महापौर झाले. मधली साडेतीन-चार वर्षे सारा कारभार प्रशासकाच्या हाती होता. शहराची घडण याच वर्षांत होत होती. खानदेश, मराठवाडा, कोकण, विदर्भ आणि परप्रांतांतून कामगार येत होते, चाळी आणि झोपड्या वाढत होत्या, रस्ते आणि नळ कुठे जाणार हे ठरत होते. या काळातील अधिकाऱ्यांनी वाईट काम केले असे म्हणण्याचे कारण नाही. पण कोणत्या वस्तीत नळ आधी जायला हवा हे विचारण्याचा हक्क असलेला त्या वस्तीचा माणूस सभागृहात नव्हता.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून लागू झाली, ही उणीव भरून काढली. महापालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे राज्यघटनेतच लिहिले गेले. त्यासाठी १९९४ मध्ये राज्य निवडणूक आयोग आला. पुढची पंचवीस वर्षे हा नियम पिंपरी-चिंचवडमध्ये चोख चालला. १९९७, २००२, २००७, २०१२ आणि २०१७ अशा निवडणुका ठरल्या वेळी झाल्या. १९९७ मध्येच मोशी, चऱ्होली, वाकड, रावेत यांसारखी १८ गावे हद्दीत आली. २००१ मध्ये दहा लाखांवर असलेली लोकसंख्या २०११ मध्ये १७ लाख २७ हजार झाली. महिलांचे आरक्षण ५० टक्क्यांवर गेल्याने निम्म्या जागांवर स्त्रिया बसू लागल्या. भोसरी-पिंपरीची जुनी गावकी आणि बाहेरून आलेला कामगार यांच्यातील तेढ पूर्णपणे मिटली नाही, पण ती प्रभागांच्या निवडणुकीत मांडली जाऊ लागली, आणि हे या काळाचे मोठे यश आहे.

२०१७ मध्ये निवडून आलेल्या १२८ नगरसेवकांची मुदत १३ मार्च २०२२ ला संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेतील फेरबदल आणि सर्वोच्च न्यायालयातील सुनावण्या यांत निवडणूक अडकली. आयुक्त हेच प्रशासक झाले. मार्च २०२२ मध्येच पुणे जिल्हा परिषदेचीही मुदत संपली आणि तिथेही प्रशासक आला.

प्रशासकाची राजवट म्हणजे हुकूमशाही नव्हे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. बोलण्याचे स्वातंत्र्य होते, न्यायालये उघडी होती, लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका २०२४ मध्ये झाल्या. तरी या व्यवस्थेत काय बदलते ते अर्थसंकल्पाच्या दिवशी नेमके दिसते. एरवी आयुक्त अर्थसंकल्प स्थायी समितीपुढे ठेवतात. १६ सदस्यांची ती समिती उपसूचना देते, मग तो सर्वसाधारण सभेत जातो, तिथे वाद होतात, सभा तहकूब होते, काही रकमा इकडच्या तिकडे होतात. प्रशासकाच्या काळात आयुक्तांचा अर्थसंकल्प आयुक्तांनीच प्रशासक म्हणून मंजूर करायचा असतो. मांडणारा, तपासणारा आणि मान्यता देणारा एकच. याच काळात पालिकेने २०२३ मध्ये २०० कोटी रुपयांचे रोखे बाजारात आणले, २०२५ मध्ये सुधारित विकास आराखडा प्रसिद्ध केला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीतील पत्राशेड, भंगाराची गोदामे आणि लघुउद्योगांची बांधकामे अनधिकृत म्हणून मोठ्या प्रमाणावर पाडली. यांतले निर्णय बरोबर की चूक यावर मतभेद असू शकतात. कर्ज मात्र पुढच्या सभागृहाच्या काळातही फेडायचे आहे आणि आराखडा वीस वर्षे शहराला बांधून ठेवणार आहे, आणि त्या वेळी शहराचा एकही निवडलेला प्रतिनिधी सभागृहात नव्हता.

शेजारच्या पाकिस्तानात अयुबखानांनी १९५९ मध्ये उलट व्यवस्था केली होती. देशाची सत्ता लष्कराकडे ठेवून स्थानिक मंडळांना तेवढी मतपेटी दिली होती. स्पेनमध्ये १९७७ मध्ये संसदेची निवडणूक झाली आणि गावोगावच्या पालिकांना १९७९ पर्यंत थांबावे लागले. महाराष्ट्राचा अनुभव तिसऱ्याच प्रकारचा ठरला. वरची लोकशाही न चुकता चालली आणि घराजवळची थांबली.

६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यातील रखडलेल्या स्थानिक निवडणुका चार महिन्यांत घेण्याचा आदेश दिला, पुढे ही मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली. चाकण नगर परिषदेत २ डिसेंबर २०२५ ला मतदान झाले. राज्यातील इतर महापालिकांबरोबर पिंपरी-चिंचवड महापालिकेसाठी १५ जानेवारी २०२६ ला मतदान आणि दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. जवळपास चार वर्षांच्या खंडानंतर १२८ जागांचे सभागृह पुन्हा भरले. चाकणच्या आसपास महाळुंगे, निघोजे, कुरुळी यांसारख्या गावांत मोठमोठे कारखाने ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहेत, आणि औद्योगिक क्षेत्राच्या नियोजनाचा अधिकार आजही नेमलेल्या महामंडळाकडे आहे. १९६२ मध्ये सुरू झालेली ती दुहेरी व्यवस्था निवडणुकीने बदललेली नाही. नव्या सभागृहापुढे आलेल्या कामांत प्रशासकाच्या काळातील आराखडा, रोखे आणि ठेके हे सारे आहे.