घरी पाचवा, बाहेर दुसरा

आज फुटबॉलवर लिहितो आहे. आमच्या घरच्या वाचकांना याचे नवल वाटेल. गोंदियाकडे उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात कबड्डी, फुटबॉलचे वेड त्या मानाने कमीच. पण मी आयुष्यभर इतिहास शिकवला, आणि इतिहास म्हणजे काय हे समजावून सांगायला मुंबई सिटी एफसी या क्लबच्या २०२१-२२ च्या हंगामाइतके चांगले उदाहरण मला अलीकडे सापडलेले नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. युरोपात फ्रान्सचा किंवा इंग्लंडचा मोठा क्लब एकाच हंगामात दोन आघाड्यांवर लढतो. एक देशातली लीग, दुसरी युरोपातल्या क्लबांची स्पर्धा. आपल्याकडेही तसेच आहे, फक्त युरोपच्या जागी आशिया. आशियातली सर्वांत वरच्या दर्जाची क्लब स्पर्धा २००२ पासून चॅम्पियन्स लीग या नावाने ओळखली जाऊ लागली. मात्र तिच्या मुख्य साखळी फेरीत पहिला भारतीय क्लब उतरायला २०२१ साल उजाडावे लागले. तो मान एफसी गोवा या क्लबचा. मडगावच्या फातोर्डा मैदानावर त्यांनी कतारच्या अल-रय्यान संघाला ०-० असे रोखले. त्या वेळी अल-रय्यानचे प्रशिक्षक होते लॉराँ ब्लाँ, फ्रान्सच्या १९९८ च्या विश्वविजेत्या संघातले! गोव्याने तीन सामने बरोबरीत सोडवले, तीन गमावले. कौतुक झाले, पण विजय काही मिळाला नाही.

आता मुंबईकडे येऊ. मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये इंडियन सुपर लीगमधले दोन्ही मान मिळवले. साखळीत त्यांचे आणि कोलकात्याच्या एटीके मोहन बागानचे गुण सारखेच होते, ४०. तरी साखळीतला पहिला क्रमांक मुंबईला मिळाला. पुढे १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात त्याच बागानला २-१ असे हरवले, तेही बिपिन सिंगने ९० व्या मिनिटाला केलेल्या गोलवर. साखळीत पहिले आल्यामुळे २०२२ च्या आशियाई चॅम्पियन्स लीगचे दार उघडले.

इथे एक गंमत सांगतो. कोरोनामुळे तो सगळा हंगाम गोव्यात, बंद दाराआड खेळवला गेला. पुढचा २०२१-२२ चा हंगामसुद्धा गोव्यातच झाला. म्हणजे मुंबईचा क्लब विजेता झाला, पण मुंबईत एकही सामना न खेळता! अंधेरीत मैदानाशेजारी राहणारा माणूस आणि गोंदियात टीव्हीसमोर बसलेला माणूस, दोघेही मैदानापासून सारखेच दूर. एरवी मुंबईच्या कुठल्याही गोष्टीत आम्ही झाडीपट्टीतली माणसे मागच्या बाकावर असतो. त्या दोन वर्षांत सगळेच मागच्या बाकावर होते.

असो. विजेत्या संघाचे पुढे काय झाले? जे नेहमी होते तेच. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा गेले. गोलरक्षक अमरिंदर सिंग आणि मधल्या फळीतला ह्युगो बूमू हे ज्यांना हरवले त्या बागानकडेच गेले, आणि गोल करणारा ओग्बेचे हैदराबादला. नवे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम ऑक्टोबर २०२१ मध्ये आले. सुरुवात तर झोकात झाली. पहिल्याच सामन्यात गोव्यावर ३-० आणि १ डिसेंबरला बागानवर ५-१. मग गाडी रुळावरून घसरली. केरळकडून ०-३ अशी हार झाली, पुढे बरेच सामने विजय मिळेना. शेवटी २० सामन्यांत ३१ गुण आणि पाचवा क्रमांक. त्या हंगामात बाद फेरीत पहिले चार संघच जात होते. चौथ्या केरळचे गुण होते ३४. म्हणजे एका विजयाचे अंतर! गतविजेते बाद फेरीच्या दाराबाहेरच राहिले. गुणतक्ता पाहणारा सांगेल, हंगाम वाया गेला.

आणि महिनाभरातच, एप्रिल २०२२ मध्ये, हाच पाचवा आलेला संघ सौदी अरेबियात रियाधला गेला. गटात यजमान देशाचा अल-शबाब, संयुक्त अरब अमिरातीचा अल-जझिरा आणि इराकचा एअर फोर्स क्लब. पहिल्या सामन्यात अल-शबाबने ३-० असे धुतले. दुसरा सामना ११ एप्रिलला, एअर फोर्स क्लबशी.

हा इराकी क्लब १९३१ मध्ये स्थापन झालेला. आशियातल्या दुसऱ्या दर्जाच्या स्पर्धेचा, एएफसी कपचा, २०१६, २०१७ आणि २०१८ असा सलग तीनदा विजेता. त्यातला २०१६ चा अंतिम सामना त्यांनी दोहा येथे आपल्या बंगळुरू एफसीविरुद्ध १-० असा जिंकला होता. गोल करणारा होता हम्मादी अहमद. सहा वर्षांनी रियाधमध्ये ५९ व्या मिनिटाला पुन्हा त्याच हम्मादी अहमदने गोल केला. जुनीच गोष्ट पुन्हा लिहिली जाणार असे वाटले. पण ७० व्या मिनिटाला ब्राझीलच्या दिएगो मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि ७५ व्या मिनिटाला कॉर्नरवर आलेला चेंडू राहुल भेकेने डोक्याने जाळ्यात धाडला. २-१!

या स्पर्धेच्या साखळी फेरीत भारतीय क्लबने जिंकलेला हा पहिला सामना. आणि तिथे गोल करणारा पहिला भारतीय खेळाडू ठरला राहुल भेके, मुंबईचा मराठी मुलगा, आणि तो तर बचावपटू. २०१९ मध्ये बंगळुरूकडून खेळताना लीगच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत विजयी गोल करणाराही हाच. क्रिकेटच्या एका डावातल्या शतकाने घरोघरी नाव पोहोचते. भेकेचे नाव आपल्या किती शाळांत ठाऊक असेल, सांगा बरे?

पुढचे निकाल असे. अल-जझिराशी ०-१ हार, मग त्यांच्याशीच ०-० बरोबरी, अल-शबाबकडून ०-६ अशी मोठी हार आणि २६ एप्रिलला एअर फोर्स क्लबवर पुन्हा १-० विजय. आता जरा पाटी-पेन्सिल घ्या. केलेले गोल तीन, खाल्लेले अकरा. आणि तरी सात गुण मिळवून गटात दुसरा क्रमांक! कारण सहा गोलांनी हरा की एका गोलाने, गुणतक्त्यात ती एकच हार. मुंबईचे तीनच गोल, पण एकही वाया गेला नाही. ०-६ च्या रात्रीनंतर चारच दिवसांनी उभे राहून १-० ने जिंकणे, यातच मला त्या संघाचा खरा कस दिसतो. दुसऱ्या क्रमांकाच्या संघांपैकी मोजकेच पुढे जाणार होते, त्यात मुंबईचा नंबर लागला नाही. पण त्याआधी कुठल्याही भारतीय क्लबने एवढी मजल मारली नव्हती.

गोष्ट इथे संपली असती तर तिला मी 'पराभवातून विजय' असे पुस्तकी नाव दिले असते. पण इतिहास इतका सरळ नसतो. पुढच्याच २०२२-२३ च्या हंगामात मुंबईने देशात कमाल केली. २० सामन्यांत ४६ गुण, लीगमधला तेव्हाचा विक्रम. त्या जोरावर २०२३ मध्ये पुन्हा आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये गेले, आणि सहाच्या सहा सामने हरले. या वेळी तर घरचे सामने महाराष्ट्रातच होते, पुण्याच्या बालेवाडीत आणि नवी मुंबईत. म्हणजे देशात पाचवा आलेला संघ आशियात सात गुण मिळवतो आणि देशात विक्रम करणारा शून्य. यातला चांगला संघ कोणता?

माझ्या मते प्रश्नच अपुरा आहे. 'किती गुण' याच्याबरोबर 'कुणासमोर' हेही विचारावे लागते. २०२३ च्या गटात सौदीचा अल-हिलाल होता, ज्यांची तिजोरी आपल्या लीगच्या कल्पनेपलीकडची. समोरचा बदलला की त्याच अंकाचा अर्थ बदलतो. आपल्या भागात दरवर्षी हे दिसते. तालुक्यात पहिली आलेली मुलगी नागपूरच्या कॉलेजात गेली की वर्गात तिसावी होते आणि घरचे म्हणतात, पोरगी बिघडली. बिघडत काही नाही. रांग लांब झालेली असते. आणि गावी ज्याला कुणी विचारत नसे असा एखादा पोरगा बाहेर जाऊन चमकतो, तेव्हा आपण त्याला नशीब म्हणतो. त्याच्या अंगी काय होते हे मोजायचे मापच आपल्या गुणपत्रिकेत नसते.

फ्रेंचांना हे आपल्याआधी कळले असावे. सेंट-एतिएन हे खाणकामगारांचे गाव. तिथल्या क्लबने १९७६ मध्ये फ्रान्सची लीग जिंकली, सलग तिसऱ्यांदा. युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात मात्र ग्लासगो येथे बायर्न म्युनिककडून ०-१ असे हरले. त्यांचे दोन फटके गोलच्या आडव्या खांबाला लागून परतले. ते खांब चौकोनी होते, गोल असते तर चेंडू आत गेला असता, अशी हळहळ फ्रान्समध्ये अजून व्यक्त होते. पण दुसऱ्या दिवशी पॅरिसच्या शाँझ-एलिझेवर मिरवणूक निघाली ती या हरलेल्या संघाची. आजही लीगच्या विजेतेपदाआधी लोकांना ती हारच आठवते.

मुंबईच्या त्या संघाची मिरवणूक निघाली नाही. चषक नव्हता, मग मिरवणूक कशाची? नोंद मात्र राहायला हवी, म्हणून हा लेख. माझ्या नातवंडांपैकी कुणाचा निकाल यंदा मनासारखा लागला नसेल, तर त्याने ११ एप्रिल २०२२ चा सामना शोधून पाहावा. शेवटची वीस मिनिटे पाहिली तरी पुरे.