गिरडचा मलिदा आणि बनी इसराईल

गिरडच्या टेकडीवर चढताना धाप लागते, हे आम्ही आता कबूल करतो. तीस वर्षांपूर्वी एका दमात वर गेलो होतो. या वेळी तीन ठिकाणी बसावे लागले. सोबत हिंगणघाटचे आमचे एक स्नेही होते, निवृत्त शिक्षक. समुद्रपूर तालुक्यातले हे ठिकाण त्यांना घरासारखे. बाबा फरीदांच्या नावाने इथे दर्गा आहे. डोंगरावर सापडणारे गोल, गाठीगाठींचे दगड म्हणजे बाबांशी खोटे बोललेल्या व्यापाऱ्याचा गोठून दगड झालेला माल, अशी इथली कथा. भूगर्भशास्त्राचे लोक त्याचे वेगळे कारण सांगतात. भाविक दोन्ही ऐकून घेतात आणि दगड खिशात टाकतात.

वर एका कुटुंबाने आमच्या हातावर मलिदा ठेवला. कुटुंब हिंदू होते, नवस फेडायला आलेले. वैदर्भीय माणसाला त्यात सांगण्यासारखे काही वाटणार नाही. मलिदा खाता खाता आम्ही सहज म्हणालो, "गुरुजी, हा मलिदा यहुदीही करतात." गुरुजी थांबले. "कुठले यहुदी? टीव्हीवरचे?"

हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

टीव्हीवरचा यहुदी म्हणजे हेल्मेट घातलेला, बंदूक रोखलेला शिपाई. ऑक्टोबर २०२३ नंतर तर दुसरे चित्र डोळ्यांसमोर येणेच कठीण झाले. गाझातल्या मुलांची कलेवरे पाहून ज्याच्या घशाखाली घास उतरला असेल, त्याच्याशी आम्हाला बोलायचे नाही. पण आपल्याच महाराष्ट्रात, आपल्याच भाषेत दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी एक यहुदी शिपाई होऊन गेला. त्याची कहाणी आपल्या घरांत कोणी सांगत नाही, याचे आम्हाला वाईट वाटते.

कुलाब्याच्या किनारपट्टीवर, अलिबाग, पेण, रोहा, मुरूड या भागात बेने इस्रायली लोक शतकानुशतके राहिले. नौगावजवळ त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले, अशी त्यांची परंपरा. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव दिले शनवार तेली. आडनावे गावावरून: दिव्याचे दिवेकर, किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर. घरात मराठी, बायकांच्या अंगावर लुगडे. शेजार आपल्या कोकणी मुसलमानांचा. सुन्ता दोघांकडे, डुक्कर दोघांना वर्ज्य, मूर्ती दोघांच्याही घरात नाही. त्यांच्यातल्या धर्माचे काम पाहणाऱ्या माणसाला ते काजी म्हणत आणि प्रार्थनास्थळाला मशीद. नवस बोलायचा तो एलियाहू हन्नबीच्या नावाने, म्हणजे आपल्या हजरत इलियासांच्या. तो फेडायचा मलिद्याने: पोहे, गूळ, ओले खोबरे, वर फळे. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर इलियासांच्या रथाच्या खुणा आहेत, असे ते दाखवतात. गिरडचे गोल दगड आणि खंडाळ्याचा खडक यांत आम्हाला तरी फारसा फरक दिसत नाही.

याच लोकांतला सामाजी हसाजी दिवेकर. त्यांच्या धर्मातले नाव सॅम्युएल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत बेने इस्रायली तरुण मोठ्या संख्येने भरती होऊ लागले. घाण्यापेक्षा पगार बरा, आणि जातीची अडचण नाही. त्यांतले पुष्कळ जण जमादार, सुभेदारापर्यंत चढले. सामाजी दुसऱ्या म्हैसूर युद्धात, म्हणजे १७८० ते १७८४ च्या धामधुमीत, टिपू सुलतानच्या हाती कैदी म्हणून सापडला. पुढची हकीकत त्यांच्या समाजाच्या आठवणीतली आहे, दप्तरातली नव्हे. कैद्यांची चौकशी झाली तेव्हा यांनी आपली ओळख सांगितली: आम्ही बनी इसराईल. टिपूच्या आईच्या कानावर ते गेले. कुरआनात ज्यांचा इतक्यांदा उल्लेख येतो ती माणसे आपल्याच मुलखात आहेत, हे ऐकून ती चकित झाली आणि तिने त्यांच्या जिवाची रदबदली केली. सामाजी वाचला. सुटलो तर देवाचे घर बांधीन, असा नवस त्याने केला होता. तो त्याने १७९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात फेडला. बेने इस्रायलांचे मुंबईतले ते पहिले प्रार्थनामंदिर. हिब्रू नाव शआर हाराहमीम, रहमतीचा दरवाजा. राहमीम आणि रहमत ही एकाच मुळाची लेकरे, हे आपल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

त्या प्रार्थनामंदिराला लोक म्हणत जुनी मशीद. रस्ता सॅम्युएल स्ट्रीट. आणि मध्य रेल्वेवर सीएसएमटीच्या पुढचे जे पहिले स्टेशन लागते, मस्जिद, ते नाव याच जुन्या मशिदीवरून पडले असे सांगतात. आम्ही स्वतः कित्येक वर्षे त्या स्टेशनवर उतरून खजूर आणि सुका मेवा घ्यायला गेलो आणि मनात धरून बसलो की ही मस्जिद आपलीच. गुरुजींना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ हसत होते.

टिपूच्या आईची ही गोष्ट आपण लिहून ठेवली नाही. ती जपली यहुद्यांनी. हैम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ च्या सुमारास लिहून काढला, आणि तो छापला गेला थेट १९३७ मध्ये, तेल अवीवला. टिपूला धर्मवेडा ठरवण्याचे उद्योग अधूनमधून आपल्याकडे चालतात, तेव्हा आपण निवेदने काढतो. त्याच्या बाजूने एक साक्षीदार पलटणीचा शिपाई आहे, तोही शत्रूच्या पलटणीचा आणि वर यहुदी, हे कोणाला आठवत नाही.

बेने इस्रायलांची शिपाईगिरी पुढे टिकली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी जातवार कंपन्या उभारायला सुरुवात केली. यांची स्वतंत्र कंपनी होण्याइतकी संख्याच नव्हती. मग ते रेल्वेत, पोस्टात, कचेऱ्यांत कारकून झाले. तरी धागा तुटला नाही. पुण्यात जन्मलेले बेंजामिन अब्राहम सॅमसन स्वतंत्र भारताच्या नौदलात व्हाइस अॅडमिरल झाले, आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे ते प्रमुखही होते. नृत्यांगना लीला सॅमसन या त्यांच्या कन्या.

गिरडहून उतरून आम्ही दुसऱ्या दिवशी सेवाग्रामला गेलो. कुटीच्या ओसरीत दोन पोरे झोपली होती, बाहेर शाळेची सहल. याच अंगणात १९३७ साली हरमन कॅलनबाख येऊन राहिले होते. तेव्हा गावाचे नाव सेगाव होते. सेवाग्राम हे नाव १९४० मधले. कॅलनबाख म्हणजे गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतले जिवलग, धंद्याने वास्तुविशारद, जन्माने यहुदी. १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळची आपली अकराशे एकर जमीन त्यांनी सत्याग्रहींना देऊन टाकली. तीच टॉलस्टॉय फार्म. १९१४ मध्ये दोघे एकत्र निघाले, पण युद्ध पेटले. जर्मन म्हणून इंग्रजांनी कॅलनबाखना अटकेत ठेवले, आणि दोघांची पुन्हा गाठ पडायला तेवीस वर्षे गेली. या वेळी मात्र ते नुसते मित्र म्हणून आले नव्हते. पॅलेस्टाईनमधल्या यहुदी नेत्यांनी गांधींचे मन वळवायला त्यांना गळ घातली होती.

गांधींचे मन वळले नाही. २० नोव्हेंबर १९३८ ला सेगावातच त्यांनी एक लेख लिहिला, तो २६ तारखेच्या 'हरिजन'मध्ये आला. यहुद्यांबद्दल आपल्याला संपूर्ण सहानुभूती आहे, पण पॅलेस्टाईन अरबांचे आहे आणि संगिनींच्या आडून तिथे घर बांधता येणार नाही, हा त्याचा एक भाग. आपल्याकडे तो भाग पाठ असतो. दुसरा भाग आपण गाळतो. जर्मनीतल्या यहुद्यांनी हिटलरपुढे सत्याग्रह करावा, असेही त्यात होते. जेरुसलेमहून मार्टिन बुबर आणि यहूदा मॅग्नेस यांनी १९३९ च्या फेब्रुवारीत गांधींना उद्देशून लांब पत्रे लिहिली. बुबर स्वतः जर्मनीतून नुकतेच निसटलेले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, छळछावणीत पाहायला साक्षीदारच नसतो तिथे सत्याग्रह कोणापुढे करायचा? या पत्रांना गांधींचे उत्तर सापडत नाही. ती त्यांच्यापर्यंत पोचली की नाही, याविषयीही अभ्यासकांत शंका आहे. कॅलनबाख १९३९ मध्ये पुन्हा आले आणि इथल्या मलेरियाने आडवे झाले. दोघांचे मतभेद मिटले नाहीत, मैत्रीही तुटली नाही. आमच्या मते गांधींचा पहिला भाग बरोबर होता आणि दुसरा चुकीचा. कुटीच्या ओसरीवर बसून हे म्हणताना आम्हाला थोडे अवघडल्यासारखे झाले, पण म्हणालो.

गिरडच्या बाबांचा एक धागाही जेरुसलेमला जातो. बाबा फरीद तिकडे गेले, जमिनीखालच्या खोलीत चाळीस दिवसांचा चिल्ला केला, ही सुफी परंपरा. त्या जागी आजही भारतीयांची धर्मशाळा उभी आहे, जाविया अल्-हिंदिया. १९२४ मध्ये सहारनपूरचे नजीर हसन अन्सारी तिची व्यवस्था पाहायला गेले, आणि घराणे तिथलेच झाले. दुसऱ्या महायुद्धात भारतीय पलटणींचे जवान रजेवर तिथे उतरत. १९६७ च्या जूनमध्ये त्या धर्मशाळेवर तोफगोळे पडले. अन्सारींच्या घरातली माणसे गेली.

आणि गोळे डागणाऱ्या देशाच्या सैन्यात आपली मराठी मुले नव्हती का? १९४८ नंतर बेने इस्रायली कुटुंबे हजारोंनी तिकडे गेली. तिथल्या धर्मगुरूंनी त्यांना अस्सल यहुदी मानायलाच खळखळ केली. १९६४ पर्यंत झगडावे लागले. आजही तिथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघते. पण अठरा वर्षांचे झाले की सक्तीचे सैन्य आहेच. दिवेकर, पेणकर यांची नातवंडे नाक्यावर बंदूक घेऊन उभी राहतात आणि समोर ओळखपत्र दाखवायला पॅलेस्टिनी म्हातारी उभी असते. त्या पोराच्या आजीने मुरूडमध्ये आपल्या एखाद्या खालाकडून ईदची खीर खाल्लेली असू शकते. पोराला हे माहीत नसते. आपल्याही पोरांना नसते. २६ नोव्हेंबर २००८ ला कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये शिरलेल्यांना तर मुंबईच माहीत नव्हती. त्या हल्लेखोरांच्या मयतांना मुंबईच्या बड्या कब्रस्तानने जागा नाकारली, ही गोष्ट आम्ही आजही मान वर करून सांगतो.

परतीचा रस्ता पुलगाववरून होता. वर्धा जिल्ह्याला सैनिक म्हटले की पुलगाव आठवते. देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक इथे आहे. ३१ मे २०१६ च्या रात्री त्याला आग लागली, अधिकारी, जवान आणि अग्निशमनचे कर्मचारी जळून गेले. नंतर २० नोव्हेंबर २०१८ ला जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला. गेलेल्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते. पोटासाठी त्या मैदानावर गेलेली माणसे.

स्टँडवर एक जवान ट्रंकेवर बसून चहा पीत होता. शेजारी एक बुरखेवाली बाई लेकराला घेऊन. गाडी लागली तशी गर्दी उसळली. जवानाने ट्रंक खिडकीतून आत ढकलली, मग लेकरू तिच्या हातातून घेऊन तेही खिडकीतूनच एका सीटवर बसवले, आणि वर ओरडून सांगितले, "भाभी, जागा धरली, आता सावकाश या." गुरुजींनी रुमालात बांधून आणलेला गिरडचा मलिदा गाडीत सगळ्यांना वाटला. जवानाने तो कपाळाला लावून खाल्ला.