कुडाची भिंत आणि खाकी कागद

कागद हाती येईपर्यंत पालघर परिसरातील वारली चित्राचे आयुष्य ते ज्या भिंतीवर काढले जाई तिच्याहून मोठे नसे. ही भिंत म्हणजे कूड, कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर शेणामातीचा लेप दिलेला आडोसा. लग्नघरी तिच्यावर गेरूचा हात फिरवून सवाशिणी तांदळाच्या पिठात बुडवलेल्या बांबूच्या काडीने लग्नचौक, म्हणजे पालघट देवीचे चौकटीतले चित्र, रेखीत आणि लग्न लावणारी धवलेरी गाण्यांनी देवीला आवाहन करी. लग्न पार पडले की चित्राचे काम संपे, त्यामुळे ते जपून ठेवण्याची गरजच नसे.

१९७०च्या दशकाच्या आरंभी हा क्रम बदलला. बिहारच्या दुष्काळात मधुबनीच्या स्त्रियांना कागद पुरवून त्यांच्या भित्तिचित्रांना मिळकतीची वाट करून देणारे भास्कर कुलकर्णी डहाणू भागात आले, आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांच्यासारखे पुरुष, लग्नविधीशी संबंध न ठेवता, कागदावर चित्रे काढू लागले. म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. या चित्रांसाठी जाड खाकी कागद सोयीचा ठरला, कारण त्याचा तपकिरी रंग लिंपलेल्या भिंतीच्या जवळचा होता आणि ओल्या रंगाखाली तो पातळ कागदासारखा लगेच हार मानत नसे.

हे बळ त्याच्या घडणीत आहे. कार्ल डाल यांनी १८७९ साली शोधलेल्या पद्धतीत लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोडा व सोडियम सल्फाइडच्या द्रावणात शिजवतात, तेव्हा तंतूंना जखडणारे लिग्निन बरेचसे विरघळते, लांब तंतू शाबूत राहतात आणि उरलेल्या लिग्निनमुळे कागद तपकिरी दिसतो. त्याचे क्राफ्ट हे नावही ‘बळ’ या अर्थाच्या जर्मन शब्दावरून आले आहे. शाळेच्या पुस्तकांची कव्हरे, पाकिटे, सिमेंटच्या पिशव्या आणि बोईसर-तारापूरसारख्या औद्योगिक वसाहतींतला माल वाहणारी पन्हळी पुठ्ठ्याची खोकी, ही सारी याच कागदाची रोजची रूपे आहेत.

खोक्यातल्या मालाप्रमाणे चित्रालाही या कागदाने वाहून नेले, पाड्यावरून मुंबईला आणि तिथून परदेशी नेले, आणि चित्राबरोबर चित्रकाराचे नावही गेले. मात्र लग्नचौकाचे पावित्र्य भिंत, सवाशीण आणि धवलेरी यांच्या एकत्र येण्यात होते, ते घडी घालून नेता येण्याजोगे नव्हते. म्हणून या कलेच्या इतिहासात नाव न राहिलेल्या त्या स्त्रियांचे स्थान पहिले मानले पाहिजे.