पत्रीचा गणपती : घरात राहिलेल्या सणाचा इतिहास

सणांचा इतिहास लिहू लागलो की आपली नजर साहजिकच रस्त्याकडे वळते. रस्त्यावर घडते त्याची नोंद होते. वृत्तपत्रांत बातमी येते, परवानगीचे अर्ज होतात, वर्गणीचा हिशेब राहतो, भाषणे छापली जातात. १८९३ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात गणेशोत्सवाला जे सार्वजनिक रूप आले, त्याविषयी आपल्याला एवढे ठाऊक आहे याचे एक कारण हेच, की तो उत्सव कागदपत्रांच्या प्रदेशात घडला. घरातल्या सणाला असे दप्तर नसते. तो आईकडून मुलीला, सासूकडून सुनेला, बापाकडून मुलाला नुसत्या करण्यातून मिळतो. आणि जे नुसते केले जाते त्याचा पुरावा उरत नाही. म्हणून घरच्या सणाला इतिहास असतो हेच आपण विसरून जातो आणि त्याला 'परंपरा' असे एक कालातीत नाव देऊन मोकळे होतो.

गोमंतकातील चवथ ही या विस्मरणाला छेद देणारी गोष्ट आहे. येथे घरातल्या सणाविषयी लेखी पुरावा सापडतो. मात्र तो सण करणाऱ्यांनी लिहिलेला नाही, सण बंद करू पाहणाऱ्यांनी लिहिलेला आहे.

गोमंतकातील काही हिंदू घराण्यांत चतुर्थीला मातीची मूर्ती आणत नाहीत. पाटावर निरनिराळ्या वनस्पतींची पत्री मांडतात. काही घरांत तिच्यासोबत कागदावरील गणपतीचे चित्र असते, आणि पूजा होते ती या पत्रीची किंवा चित्राची. वर माटोळी टांगलेली असते. लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, आंबाडे, तोरिंग आणि त्या दिवसांत रानात मिळणारी फळे-फुले बांधलेली असतात. मूर्ती का नाही, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : पोर्तुगीज अमदानीत मूर्ती ठेवणे धोक्याचे होते. मूर्ती सापडली असती. कागद लपवता येत असे, आणि पाने तर पानेच.

हे उत्तर इतिहास म्हणून कितपत ग्राह्य धरायचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

आधी जे कागदावर आहे ते पाहू. १५१० मध्ये आफोंसु द आल्बुकेर्कने गोवा जिंकले. तिसवाडी बेटांपाठोपाठ १५४३ मध्ये बारदेश आणि सासष्टी हे महाल पोर्तुगीजांकडे आले. १५४० च्या दशकात गव्हर्नर जुआंव द कास्त्रु याला पोर्तुगालच्या राजाचे जे आज्ञापत्र आले, त्यात मूर्ती शोधून नष्ट कराव्यात, त्या घडवू, कोरू, रंगवू वा बाहेरून आणू देऊ नयेत आणि हिंदूंचे सण उघडपणे किंवा खाजगीत साजरे होऊ देऊ नयेत, असे बजावले होते. १५६० मध्ये धर्मसमीक्षणाचे न्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, गोव्यात सुरू झाले. १५६६ मध्ये नवी मंदिरे बांधण्यास व जुन्यांची डागडुजी करण्यास मनाई झाली. १५६७ मध्ये सासष्टीतील मंदिरे पाडली गेली. याच दशकात कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा ही दैवते नदीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडे तालुक्यात, हलवण्यात आली. १६२० मध्ये गोवा शहरात आणि लगतच्या पोर्तुगीज मुलखात हिंदूंनी विवाह करू नयेत, असाही हुकूम निघाला.

आज्ञापत्रातील 'खाजगीत' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. मंदिर पाडणे ही कोणत्याही विजेत्याला सुचणारी गोष्ट आहे. पण उंबऱ्याच्या आत काय चालते हे राजसत्तेला जाणून घ्यावेसे वाटणे, ही निराळी गोष्ट. त्या क्षणी घर हे केवळ राहण्याचे ठिकाण उरत नाही. ते वादाचे ठिकाण बनते.

याच दृष्टीने १७३६ चे इन्क्विझिशनचे फर्मान वाचण्यासारखे आहे. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गोव्यातील इन्क्विझिशनवरील इंग्रजी ग्रंथात त्याचा परिचय करून दिला आहे. ते मुख्यतः धर्मांतरित ख्रिस्ती रयतेला उद्देशून होते. लग्नात ओव्या म्हणू नयेत, विडे आणि फुले पाठवू नयेत, वधूवरांना हळद लावू नये, पुरुषांनी धोतर नेसू नये, अंगणात वा घराजवळ तुळस लावू नये. इतकेच नव्हे, तर भात मीठ न घालता शिजवून मागाहून मीठ घेण्याची हिंदूंची रीतही पाळू नये. धर्मांतराला दीडशे-दोनशे वर्षे होऊन गेल्यावरही ही बंदी घालावी लागली, यातच त्या रीती चालू होत्या हे आले. ज्याने हा मजकूर सिद्ध केला त्याला गोमंतकीय घराची माहिती एखाद्या सुगृहिणीइतकी होती. भाताच्या भांड्यात मीठ केव्हा पडते याची नोंद आपल्या संतचरित्रांत नाही, बखरींत नाही. ती या फर्मानात आहे.

ही विसंगती केवळ सणापुरती नाही. मराठी-कोंकणी वाङ्मयाच्या अभ्यासकांना तिचा दुसरा दाखलाही परिचित आहे. गोमंतकातील रामायण-महाभारताच्या जुन्या कथांची रोमन लिपीत उतरवलेली हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात मिळाली. मिशनऱ्यांनी ती लोकांची भाषा आणि श्रद्धा समजून घेण्यासाठी उतरवली होती. पुराणे ऐकण्याची सवय असलेल्या नवख्रिस्ती समाजासाठी १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्सने ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' छापले, तेही याच जाणिवेतून. घरातली एक गोष्ट काढून घेतली तर तिच्या जागी दुसरी ठेवावी लागते, हे त्याने ओळखले होते. ज्यांनी पुसायचे ठरवले, त्यांच्याच हातून बरेच काही नोंदले गेले.

आता पत्रीच्या गणपतीकडे परत येऊ. घराण्यांच्या सांगण्याला या कागदपत्रांचा आधार मिळतो का? मिळतो, पण सरळपणे नाही. मूर्ती रंगवण्यासही मनाई होती, त्यामुळे कागदावरील चित्रही निर्दोष ठरले नसते. त्याचा फायदा एवढाच, की ते गुंडाळून ठेवता येत होते. शिवाय आज भिंतीवर दिसणारी रंगीत छापील चित्रे फार जुनी असू शकत नाहीत. राजा रवि वर्म्याचा शिळाप्रेस मुंबईत १८९४ मध्ये निघाला. देवांची स्वस्त छापील चित्रे घरोघरी पोहोचली ती साधारण त्या सुमारापासून. त्यापूर्वीचे चित्र हाताने काढलेलेच असणार. पत्रीचे तसे नाही. राजाज्ञेतल्या घडवणे, कोरणे, रंगवणे या कोणत्याही क्रियापदात पान बसत नाही. पाने कोणी घडवत नाही. ती परसात उगवतात. १७३६ च्या फर्मानात तुळशीचे नाव येते तेव्हा जाणवते, की तोवर अधिकारी पानेही वाचायला शिकले होते.

दुसऱ्या बाजूने असेही म्हणता येईल, की पत्रीला बंदीची गरजच नव्हती. गणेशपूजेत एकवीस पत्री वाहण्याचा विधी महाराष्ट्रातही आहे, आणि तेथे कोणी मूर्ती लपवल्या नव्हत्या. भाद्रपदात नुकत्याच उगवलेल्या वनस्पती पूजेत आणणे हे कृषिसंस्कृतीचे जुने लक्षण आहे. तेव्हा पत्री आधीपासूनची आणि बंदीची कथा मागून जोडलेली, असेही असू शकेल.

मला वाटते, या दोन स्पष्टीकरणांतून एकच निवडण्याची सक्ती आपणच स्वतःवर लादतो. बंदीने नवा विधी निर्माण केला असे मानण्याचे कारण नाही. विधीत अनेक घटक होते. त्यांपैकी ज्यावर सत्तेची नजर होती तो मागे सरला आणि ज्यावर नव्हती तो पुढे आला. जो उपचार होता तोच देव झाला. संकटकाळात घरे नवे शोधून काढत नाहीत. जवळ असलेल्यातून काय टिकेल एवढे निवडतात.

याला भूगोलाचाही काहीसा दुजोरा आहे. मूर्तीऐवजी पत्री किंवा चित्र पुजणारी घरे फोंडे तालुक्यातही आढळतात. हा प्रदेश पोर्तुगीजांकडे १७६३ मध्ये आला आणि तेथील लोकांना त्यांच्या धर्माचरणाची हमी देण्यात आली होती. मग तेथे लपवण्याचे कारण काय? या भागातील अनेक घराणी स्वतःला नदीपलीकडून आलेली म्हणवतात; वेर्णेकर, लोटलीकर यांसारखी आडनावे आजही सासष्टीतल्या गावांची नावे सांगतात. भय मागे राहिले, पण भयाने लावलेली रीत सामानाबरोबर आली. १८१२ मध्ये इन्क्विझिशन कायमचे बंद झाले, १९१० च्या प्रजासत्ताकाने हिंदूंना समान हक्क दिले, १९६१ मध्ये गोवा मुक्त झाले. तरी त्या घरांत मूर्ती आली नाही. कारण एव्हाना पत्री ही मूर्तीची बदली राहिली नव्हती. ती त्या घराची खूण झाली होती.

ही कथा वापरली कशी जाते, याविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. कोणी तिच्यातून केवळ सूडाचे साहित्य काढतो, तर कोणी कागदाचा पुरावा नाही म्हणून तिला दंतकथा ठरवतो. दोघेही ती पुरती वाचत नाहीत. १७३६ चे फर्मान ज्यांच्या स्वयंपाकघरात शिरले ती घरे ख्रिस्ती होती, हे पहिला विसरतो. त्या घरांनीही आपल्या परीने काही राखले. चवथीच्या दुसऱ्या दिवशी हिंदू घरांत भाताच्या नव्या लोंब्यांची पूजा होते. त्याच सुमारास, ऑगस्टमध्ये, ख्रिस्ती गावांत कणसांचे फेस्त भरते आणि नव्या लोंब्यांना चर्चमध्ये आशीर्वाद मिळतो. ख्रिस्ती घरांच्या अंगणातील चौथऱ्यावरचा खुरीस पाहताना तुळशीवृंदावनाची आठवण अनेकांना झाली आहे. दुसरा हे विसरतो, की ज्यांना लिहून ठेवणे धोक्याचे होते त्यांच्याकडे लेखी पुरावा मागणे हा न्याय नव्हे.

पुण्यात सण घरातून रस्त्यावर आला आणि त्याने समाजाला बोलायला लावले. गोमंतकात तो देवळातून घरात गेला आणि त्याला गप्प राहायला शिकावे लागले. आजही गोव्यात सार्वजनिक गणपती आहेत, पण चवथीचे केंद्र मूळ घरच आहे. शहरांतले बाजार ओस पडतात आणि वर्षभर बंद असलेली घरे त्या दोन दिवसांसाठी उघडतात. ही ओढ निव्वळ भाविकतेची नाही. एके काळी या समाजाला घराखेरीज दुसरी जागाच उरली नव्हती, याची ती स्मृती आहे.

साहित्याचे विद्यार्थी संहितेतील गाळलेल्या जागा वाचायला शिकतात. पाटावर मूर्ती नसणे ही अशीच एक गाळलेली जागा आहे. पुढच्या पिढीने सोयीसाठी किंवा शोभेसाठी तेथे मूर्ती आणली तर त्यात धर्मदृष्ट्या काहीच चुकणार नाही. फक्त चार शतकांपूर्वीचे एक वाक्य, जे कोणी कधी लिहिले नव्हते, ते त्यानंतर वाचता येणार नाही.